भिंतीच्या आत मावणारा आंबा

मृग लागला की लातूरच्या रस्त्यांवर रोपांचे गाडे उभे राहतात. काळ्या पिशव्यांतून आंब्याची कलमं, प्रत्येकाच्या जोडाला पट्टी गुंडाळलेली, शेंड्याला दोन-चार तांबूस पानं. येणारे-जाणारे थांबतात, भाव करतात, स्कूटरवर पायापाशी कलम ठेवून घरी नेतात. त्यांचे चेहरे आनंदी असतात. मी मात्र रस्ता ओलांडून पलीकडून जाते. आंब्याचं कलम बघून कुणाला धास्ती वाटते असं सांगितलं तर लोक हसतील, म्हणून मी सांगत नाही. तशी मी जन्माचीच काळजीखोर. आपला गॅस बंद केल्याची खात्री झाली की मला शेजारणीच्या गॅसची काळजी लागते.

यंदा मृगातच नांदेडहून अरुणचा फोन आला. अरुण माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पंच्याहत्तरी ओलांडली, कानाला यंत्र लागलं, तरी मला तो पोरगाच वाटतो. त्याच्या मुलानं विष्णुपुरीकडं घर बांधलंय, घरामागं थोडी मोकळी जागा सुटली आहे.

"मावशी, आंबा लावावा म्हणतो. पण बुटका पाहिजे. भिंतीच्या बाहेर फांदी गेली की शेजारी कटकट करतात. कोणता लावू?"

मी त्याला विचारलं, पाण्याची टाकी किती लांब आहे, भिंतीचा पाया पक्का आहे ना, वाळवी बघितलीस का, आणि तू आता या वयात खड्डा खणायला वाकणार नाहीस ना. तो हसायला लागला. म्हणाला, "मावशी, आंबा लावून राहिलो, पोरीचं लग्न ठरवून नाही राहिलो."

त्याचंही खरंच आहे. पण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, नांदेडच्या आमच्या जुन्या घरात एकदा विचारला गेला होता. भिंतीच्या बाहेर जाणार नाही असा आंबा कोणता? तेव्हा अरुण आईच्या पोटात होता, आणि आमच्या घराला धड झोप नव्हती.

निजामी राजवटीचा तो शेवटचा पावसाळा. शेवटचा, हे आज म्हणते. तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी दहा-अकरा वर्षांची असेन. आमचं घर नदीकडच्या जुन्या वस्तीत होतं. माझे वडील, आबा, वकील होते. कोर्टाचं कामकाज उर्दूत, त्यामुळे आबा वाद घालायचे उर्दूत, रागवायचे मराठीत, आणि काळजी करायचे ती मुक्यानं. बोलून काळजी करायचं खातं आईकडं होतं. मी दोघांकडूनही घेतलं.

घरामागं परस होतं. विहीर, धुण्याचा दगड, तुळस, कर्दळीचा वाफा आणि एक रायवळ आंबा. रायवळ म्हणजे कुणीतरी खाऊन टाकलेल्या कोयीचं झाड. त्याला ना जात ना नाव. फळ बारकं, केसाळ, निम्मं आंबट. त्याची एक जाड फांदी मागच्या भिंतीवरून बोळात गेली होती. चांगल्या काळात त्या फांदीनं बोळातल्या सगळ्या पोरांना पोसलं. मग काळ फिरला. हत्यारबंद टोळ्या गावातून फिरायला लागल्या, आज या खेड्यात लूट झाली, उद्या त्या खेड्यातली माणसं उठून गेली, अशा बातम्या रोज दारात येऊन पडायच्या. आबा परसात उभे राहून त्या फांदीकडं बघायचे. आपल्याला जी फांदी दिसायची ती त्यांना जिना दिसायला लागली होती.

माघात त्यांनी झाड तोडून घेतलं. फांदीच नव्हे, अख्खं झाड. "एक फांदी तोडली की दुसरी तिकडंच जाते," म्हणाले. झाडावर तेव्हा मोहोर होता. आई स्वयंपाकघराचं दार लावून आत बसली आणि कुऱ्हाडीचा आवाज थांबेपर्यंत बाहेर आली नाही. पुढं महिनाभरात औशाहून निरोप आला: अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, यजमानांनी शाळेतली नोकरी सोडली, आणि ते सरहद्दीपलीकडं, चळवळीच्या मुलांमध्ये गेले. कुठं आहेत ते कुणाला सांगता येत नव्हतं. आईनं या दोन गोष्टी एकत्र बांधल्या आणि त्या गाठीला पुढं कुणालाही हात लावू दिला नाही. मोहोरातलं झाड पाडलं, जावई परागंदा झाला. संपलं.

वैशाखात अक्का बाळंतपणाला माहेरी आली. तीच अरुणची आई, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. टांग्यातून उतरली, पाण्याचा तांब्या घेऊन सवयीनं परसात गेली आणि तिथंच थांबली. आंब्याच्या जागी खोड राहिलं होतं, त्याच्यावर कुणीतरी गोवऱ्या ठेवल्या होत्या. ती रडली नाही. गोवऱ्या बाजूला करून त्या खोडावर बसली. "आता याला झोका कुठं बांधायचा?" एवढंच म्हणाली, आणि पोटावर हात ठेवला.

आबा ओटीवरून म्हणाले, "लावू दुसरा. पण भिंतीच्या वर डोकं काढणार नाही असा."

बुटक्या आंब्याचा शोध असा सुरू झाला. त्याच दिवसांत घरातला दुसरा प्रश्नही वर आला. तो आंब्याहून फार मोठा होता, पण बोलायला अवघड म्हणून सगळे आंब्याविषयीच बोलायचे. राहायचं की जायचं, हा तो प्रश्न. जायचं म्हणजे हदगावच्या वाटेनं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडला. पैनगंगेपलीकडं निजामाचं राज्य संपत होतं. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्या वाटेनं गेली होती. कुलपं लावताना त्या घरांतल्या बायका आईला सांगून जायच्या, "तुळशीला पाणी घाला हो वैनी." आई आपल्या तुळशीबरोबर चार घरांच्या तुळशींना पाणी घालून यायची, आणि दर खेपेला परत येऊन आबांना म्हणायची, "आपल्या तुळशीला कोण घालणार ते ठरवून ठेवा."

गर्भार बाईनं नदी ओलांडू नये असं आईच मला शिकवत असे. पण अक्काला घेऊन पैनगंगा ओलांडायला ती तयार होती, नदीला ओटी भरली की चालतं म्हणायची. आईचे नियम कडक होते, पण भीती ज्या अंगाला असेल त्या अंगाला ते वाकायचे. अक्का मात्र जायला तयार नव्हती. यजमानांनी तिला सांगितलं होतं, बाळंतपणाला नांदेडला राहा, मी तिथंच येईन. "ते येतील आणि दाराला कुलूप दिसेल," ती म्हणायची. आबा दोघींचं ऐकून कोर्टाला निघून जायचे. नदीला पूर आला की जायची वाट बंद होणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. मला कुणी विचारत नव्हतं. मी विहिरीच्या काठावर बसून आभाळाकडं बघायची आणि पाऊस पडू नये म्हणून एकदा, पडावा म्हणून एकदा, असे दोन्ही नवस बोलायची.

आबांचे एक स्नेही होते, कादरसाब. तहसिलीतली नोकरी संपवून आसना नदीच्या वाटेवर त्यांनी आंब्याची बाग केली होती. सगळी कलमी झाडं. माणूस उंच, शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, आणि आंब्याच्या बाबतीत कमालीचा गर्विष्ठ. आमचं रायवळ झाड तोडलं तेव्हा त्यांनी आबांचं अभिनंदन केलं होतं. रायवळ आंबा चोखून खाणाऱ्या माणसांना ते जरा कमीच समजायचे. आणि आम्ही तर चोखणारीच माणसं. पाण्याच्या बादलीत आंबे टाकायचे, माचून, हातानं दाबून दाबून मऊ करायचे, देठाचा चीक पिळून टाकायचा आणि कोपरापर्यंत ओघळ येऊ द्यायचे.

मृगातच एका सकाळी ते करंडी घेऊन आले. गल्लीत त्या दिवशी एकही दार उघडं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या टांग्याचा आवाज ऐकून आईनं आधी कडी लावली आणि मग फटीतून बघितलं. करंडीत तीन जातींचे आंबे होते, सगळे अखंड. कापून दिलेलं आमच्या घरात चालणार नाही हे त्यांना माहीत होतं. सुरी खिशात होती, ती त्यांनी खिशातच ठेवली. आईचं म्हणणं होतं, फळाला विटाळ नसतो, फक्त आपण धुऊन आपल्या विळीवर चिरायचं. तसं तिनं चिरलं, आणि कादरसाब ओटीवर बसून, आतल्या विळीचा आवाज ऐकत ऐकत सूचना देत राहिले.

"ही पहिली फाक हिमायत. बादशाही फळ. पण वकीलसाब, झाड असं फैलतं की थोड्या सालांत तुमचं घरच त्याच्या परसात जाईल. दुसरी दशेहरी. शरीफ झाड हाय, आटोपशीर, पण एक साल देतं अन् एक साल रुसून बसतं."

"आणि तिसरी?" आबांनी विचारलं.

"ती नीलम. मोसमाआधीच उतरवून पिकवली, दाखवायला म्हणून आणली. झाड बुटकं, भिंतीच्या आत राहील, फळ दर साल. पण कोयीत किडा निघतो. घरंदाज माणसानं नीलम लावू नये."

दाराआडून अक्का म्हणाली, "आबा, नीलम कधी पिकतं विचारा."

कादरसाबांनी दाराकडं न बघता उत्तर दिलं. "सगळे आंबे सरले की, बेटी. लोकांनी करंड्या उलट्या करून ठेवल्या की मग हे बेशरम पिकतं."

"मग तेच लावा," अक्का म्हणाली.

कादरसाबांना ते आवडलं नाही. पण अक्कानं ते का मागितलं हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. सगळं सरल्यावरही काहीतरी यायचं राहिलेलं असतं, एवढंच तिला परसात उभं करून हवं होतं. मी नीलमची फाक खाल्ली. चांगली गोड होती. किडा दिसतो का म्हणून मी कोय मात्र दगडानं फोडून बघितली, आणि किडा दिसला.

चार दिवसांनी ते कलम घेऊन आले. पण टांग्यातून उतरवायच्या आधी त्यांनी आबांना विचारलं, "जाणार तर न्हाई ना?"

आबांनी टांग्याच्या चाकावर हात ठेवला.

"आंब्याच्या कलमाला तीन उन्हाळे पाणी लागतं वकीलसाब. गाठोडं बांधून बसलेल्याला मी कलम देत न्हाई. मूल दत्तक द्यायचं अन् बापानंच पळून जायचं, असं हाय ते. जबान द्या."

गाठोडी खरोखरच बांधलेली होती. माजघरातल्या उतरंडीमागं तीन गाठोडी, त्यातलं सर्वात लहान बाळंतविड्याचं. आई दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनं आबांना खूण केली. आबांनी ती ऐकली. मी त्यांच्या कानाकडंच बघत होते, तो लाल झाला होता.

"राहणार," आबा म्हणाले. "दिली जबान."

आमच्या घराचा तो मोठा निर्णय असा झाला, एका बुटक्या झाडापायी. आई पुढं दोन दिवस आबांशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिनं गाठोडी सोडली. पातेली जागच्या जागी लावली. फक्त बाळंतविड्याचं गाठोडं तसंच ठेवलं, ते कुठंही गेलं तरी लागणारच होतं.

कलम लावलं ते खोडापासून लांब, विहिरीच्या अंगाला. कादरसाबांनी खड्ड्याजवळ उकिडवं बसून जोड दाखवला. खाली रायवळाचं रोपटं, वर नीलमची काडी, दोन्ही एकमेकांना बांधून जुळवलेली. "जोडाच्या खाली जे फुटेल ते रायवळ. त्याला नखानं खुडायचं. दया केली तर खालचं वरच्याला खाऊन टाकेल." आबांनी मान हलवली. मीही हलवली. आई दाराआड होती, तिनं हलवली की नाही ते दिसलं नाही.

मग पाऊस लागला. पैनगंगेला पूर आल्याचं कळलं, आणि घरात एक विचित्र सुटका झाल्यासारखं वाटलं. आता ठरवायचं काही उरलं नव्हतं, फक्त भ्यायचं राहिलं होतं. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की गल्लीत पावलं वाजायची, त्यांतली कुठली कामगारांची आणि कुठली दुसऱ्या कुणाची, हे आई कान देऊन ठरवायची. दूधवाला यायचा थांबला. आम्ही बोलताना आवाज खाली ठेवायला शिकलो, आणि अजूनही कधी लातूरच्या या घरात मी एकटीच असताना स्वतःशी कुजबुजत बोलते, तेव्हा माझी मलाच चीड येते. कुणाला भिऊन?

आषाढ सरता सरता कलमाच्या जोडाखाली फुटवा आला. तांबूस, लवलवीत, नीलमच्या वरच्या पानांपेक्षा कितीतरी तजेलदार. आबा खुडायला वाकले आणि आई परसात धावत आली. मी तिला धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"घरात दोन जिवांची बाई आहे. हिरव्याला नख लावायचं नाही."

"अगं, तो फुटवा आहे. रायवळाचा. तो खुडला नाही तर कलम मरेल."

"मरू द्या. एक झाड पाडलंत, जावई गेला. आता पानसुद्धा तोडू देणार नाही मी. तिची सुटका होऊ द्या, मग काय करायचं ते करा."

आबा शिकलेले, कोर्टात साक्षीदाराला उभं फाडणारे. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण अक्का ओसरीवर पाय लांब करून बसली होती, तिच्या पावलांवर सूज होती, आणि जावयाचा अजून पत्ता नव्हता. आबांनी हात मागं घेतला. विश्वास नसला तरी भीती असतेच माणसाला. त्या वेळी भीती आईच्या बाजूनं होती.

फुटवा वाढला. श्रावणात तो नीलमच्या बरोबरीला आला, आणि नीलमची पानं कडेनं काळी पडायला लागली. आम्ही चौघंही रोज ते बघायचो. अक्का तर म्हणायची, "जाऊ दे, दोन्ही जगतील." मला ते खरं वाटायचं. एका खड्ड्यात दोघं राहतील, त्यात काय एवढं, असं मला वाटायचं.

भाद्रपदाच्या सुरुवातीला, एका दुपारी, अक्काच्या पोटात दुखायला लागलं. सुईण बाजाराच्या पलीकडं राहायची, आणि बाजारातून त्या दिवशी आमच्यासारख्यांनी जाण्यासारखं नव्हतं. आबा दाराशी जायचे, कडीवर हात ठेवायचे, परत यायचे. आई आतून ओरडायचीही नाही, फक्त म्हणायची, "काहीतरी करा." शेवटी आबा मागच्या बोळातून निघाले आणि कादरसाबांच्या घरी पोचले. पडदे सोडलेल्या टांग्यात सुईणीला बसवून, स्वतः पुढं टांगेवाल्याशेजारी बसून कादरसाब बाजारातून आले. वाटेत त्यांना दोनदा अडवलं होतं, हे टांगेवाल्यानं नंतर सांगितलं. त्यांनी स्वतः त्यातलं अक्षर काढलं नाही.

सुईण आत गेली आणि कादरसाब परसात आले. कलमाकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हे आता आबांना बोलणार. "हे काय करून ठेवलं?" त्यांनी विचारलं. आबांनी खालच्या मानेनं सगळं सांगितलं. कादरसाबांनी खिशातून कलमाची सुरी काढली, उघडली, आणि खोडावर बसले.

"ठीक हाय. सुटका झाली की कापतो."

ते सुरी गुडघ्यावर ठेवून बसले, आबा विहिरीपाशी उभे, मी मधल्या दारात. आत अक्का कण्हत होती. इतकं भिऊन मी आयुष्यात कशाचीच वाट पाहिली नाही. माझी स्वतःची बाळंतपणंसुद्धा नंतर सोपी वाटली.

मग बाळ रडलं. कादरसाब उठले, कलमाजवळ वाकले, नीलमची काडी दोन बोटांत धरली आणि हलकेच वाकवली. ती कट्‌कन मोडली. आतून वाळून गेली होती. त्यांनी सुरी मिटवली.

"आता कापलं तर काहीच उरणार न्हाई," ते म्हणाले. "राहू द्या रायवळ." आणि मग माझ्याकडं बघून, "भांजा हाय का भांजी, विचारून ये जा."

तो भांजा म्हणजे अरुण. आणि ते रायवळ पुढं असं वाढलं की भिंत तर राहिलीच खाली, माडीच्या वर गेलं. त्याच झाडावर अरुणनं झोके घेतले, तिथूनच पडून हात मोडून घेतला. आबांनी त्याची एकही फांदी कधी तोडू दिली नाही, बोळात गेली तरीही. परवा फोनवर मी अरुणला आम्रपाली लाव म्हणून सांगितलं. दशेहरी आणि नीलमच्या संकरातून झालेली जात, बुटकी, आटोपशीर. आणि जोडाखाली फुटेल ते लगेच खुडत जा, असं चारदा बजावलं. तो म्हणाला, "हौ मावशी, कळलं." त्याला कळलं असेल नसेल, मी उद्या पुन्हा फोन करणार आहे.

अरुणच्या बारशानंतर थोड्याच दिवसांत राजवट संपली. फौज आली, लोक रस्त्यावर आले, उमरखेडला गेलेली घरं बैलगाड्यांवरून परतू लागली. सरहद्दीपलीकडून अक्काचे यजमान आले, दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सदरा. अक्कानं दार उघडलं आणि त्यांना आधी हातपाय धुवायला सांगितलं. आई परसात जाऊन मोठ्यानं रडली. आवाज खाली ठेवायचं कारण उरलं नव्हतं. आमच्या गल्लीत कड्या निघाल्या.

त्या दुसऱ्या, कादरसाबांच्या लोकांच्या, गल्ल्यांत लागल्या. हे मला हळूहळू कळलं. आसनेच्या बाजूनं, आणि खाली लातूर-औशाकडनंही, आता वेगळ्या बातम्या यायला लागल्या, आणि त्या सांगताना लोक आवाज खाली करत नव्हते. आबा त्या ऐकून उठून जायचे.

दसऱ्याच्या आधी कादरसाब आले. टांगा नव्हता, पायी आले होते, तेही मागच्या बोळातून. शेरवानीची वरची गुंडी उघडी होती. त्यांची मुलगी हैदराबादेत होती, ती बोलावत होती. बागेचं काय करायचं ते ठरत नव्हतं. परसात रायवळाच्या रोपट्याजवळ ते उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वकीलसाब, मी तुमच्याकडनं जबान घेतली होती. तुम्ही दिली, तुम्ही राहिले. आता तुम्ही सांगा. मी राहू का?"

मी दारातच होते. मला वाटत होतं, हे आता 'राहा' म्हणतील. किती लहान शब्द आहे. आबा विहिरीकडं बघत होते, भिंतीकडं बघत होते. दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. या वेळीही आबांनी त्या ऐकल्या, आणि या वेळीही त्यांचा कान लाल झाला.

कादरसाबांनी शेरवानीची उघडी गुंडी लावली. मग म्हणाले, "ठीक हाय." अरुणला आत पाळण्यात बघून यायचं का असं मी विचारलं, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झोपू दे त्याला." आणि आले तसे बोळातून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घराला कुलूप दिसलं.

कुलूप दिसलं त्याच दिवशी जेवताना आई आबांना वाढत होती. भाकरी वाढून झाल्यावर ती तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "राहा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"माझ्या शब्दावर राहिले असते ते," आबा म्हणाले. "आणि काही झालं असतं तर?"

"तुम्ही त्यांना शब्द दिलात, तेव्हा आपलं काही होणार नाही हे कुठं ठाऊक होतं तुम्हाला? पोरगी पोटुशी होती. तरी दिलात की."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुवायला म्हणून परसात गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत, आणि आईनंही त्यांना बोलावलं नाही.